काय रेंजमध्ये दाखवू?

मराठी माणूस दोन ठिकाणी हमखास खोटं बोलतो. जेवणाच्या वेळी कुणाच्या घरी टपकला की ‘आत्ताच जेवून आलो’ म्हणतो, आणि दुकानात पाऊल टाकलं की ‘नुसतं बघतोय’ म्हणतो. दोन्हीकडे समोरच्याचा विश्वास बसत नाही. यजमान निदान ताट मांडून मोकळा होतो. विक्रेता मात्र ‘बघा ना सर, निवांत बघा’ म्हणत तीन पावलं मागे सरतो आणि आपण बाहेर पडेपर्यंत तीन पावलं मागेच राहतो.

आपण शर्टांपाशी थांबलो की तोही थांबतो. आपण बाही चाचपली की म्हणतो, ‘प्युअर कॉटन आहे सर.’ आपण लेबल उलटून बघतो, त्यावर पॉलिएस्टर लिहिलेलं असतं. ‘मिक्स आहे सर, धुवायला बरं पडतं.’ आपण शर्ट ठेवला की तो पुढे होऊन नीट लावतो, आपण नीटच लावलेला असला तरी. तो आपल्याला चोर समजतोय, की तो आपल्याला चोर समजतोय असं फक्त आपल्याला वाटतंय, या विचारात आपण रुमालांचं एक पाकीट घेतो आणि सुटतो.

हेच गृहस्थ पुढच्या दुकानात जातात. तिथे दोन पोरं मोबाईलवर मॅच बघत उभी असतात. दोन मिनिटं झाली, चार झाली, कुणी हालत नाही. मग हे घसा खाकरतात, हँगर वाजवतात आणि शेवटी बायकोला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणतात, ‘काही लक्षच नाही हो यांचं गिऱ्हाइकाकडे!’ (पुण्यावरचे विनोद इथे येऊ शकतात. ते आता गिऱ्हाइकांपेक्षा पुणेरी दुकानदारच जास्त सांगतात, तेव्हा सोडून देऊ.) एकूण आपली मागणी फार नाही. विक्रेत्याने असावं, पण दिसू नये. आपल्याला इच्छा झाली की प्रकट व्हावं, भाव सांगावा आणि तो ऐकून आपला चेहरा पडण्याआधी पुन्हा अंतर्धान पावावं. एवढं साधणाऱ्याला देव्हाऱ्यात बसवतात. इथे त्याला महिन्याचं टार्गेट देतात.

टीव्ही-फ्रिजच्या मोठ्या शोरूममध्ये तर आपल्याला आपुलकीने सल्ला देणारा मुलगा बऱ्याचदा त्या दुकानाचा नसतोच. त्याच्या शर्टावर ज्या कंपनीचं नाव असतं, त्या कंपनीने त्याला तिथे उभा केलेला असतो. पगार तिचा, खपलेल्या नगामागचा इन्सेंटिव्हही तिचा. त्यामुळे आपण शेजारच्या टीव्हीकडे वळलो की तो दुखावतो. ‘तोही चांगलाच आहे सर,’ हे वाक्य तो अशा काही सुरात उच्चारतो, की तोच टीव्ही घेतलेल्या साडूची आपल्याला काळजी वाटायला लागते.

आणि विक्रेत्याला एवढं टाळून झाल्यावर आपण बिलाच्या काउंटरवर जातो. ‘नंबर?’ आपण दहा आकडे घडाघडा सांगतो. बिलासाठी मोबाईल नंबरची सक्ती करू नका, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने मे २०२३ मध्येच दुकानांना बजावलंय. पण सक्ती करावी लागतेच कुठे? तीन पावलं मागून चालणारा पोरगा आपल्याला खपत नाही, खिशात शिरून रोज सकाळी ‘डिअर कस्टमर’ म्हणणारं दुकान चालतं.

या सगळ्या धंद्यात खरा कलावंत एकच, साडीच्या दुकानातला गादीवरचा माणूस. त्याला मागे लागावं लागत नाही, कारण त्याने आपल्याला बसवलेलं असतं. पाणी आलेलं असतं. ‘काकू’ की ‘ताई’ हा निर्णय त्याने पायरीवरच घेतलेला असतो. चाळिशीच्या बाईंना चुकून ‘काकू’ म्हटलं तर पाच हजारांचं गिऱ्हाईक दीड हजारांवर येतं, हे त्याला ठाऊक असतं. मग तो विचारतो, ‘काय रेंजमध्ये दाखवू?’

या प्रश्नाला दादरपासून लक्ष्मी रोडपर्यंत आजवर कुणी खरं उत्तर दिलेलं नाही. मनात तीन हजार असतात. तोंडाने आपण म्हणतो, ‘रेंजचं काही नाही हो, पसंत पडली पाहिजे.’ तो मान डोलावतो आणि थेट अठरा हजारांची पैठणी उलगडतो. पन्नाशीचा, मिशीवाला गृहस्थ बांगडीमोराचा पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून आरशासमोर उभा राहतो आणि दुकानात एकालाही हसू येत नाही. ‘उजेडात बघा ताई, रंग खुलतो.’ अठरावरून तो बारावर येतो, बारावरून साडेसातवर. साडेसातवर आपल्याला चक्क स्वस्ताई झाल्यासारखं वाटतं. इकडे गादीवर ढीग वाढत जातो आणि तिकडे आपला आवाज खाली जातो. एवढ्या घड्या मोडल्या, आता नाही कसं म्हणायचं? (घड्या पुन्हा घालणारा मुलगा वेगळा असतो. त्याच्याकडे आपण बघत नाही.) शेवटी आपण ठेवणीतलं वाक्य काढतो, ‘जरा पुढे एक चक्कर मारून येतो.’ तो म्हणतो, ‘या ना, बाजूला काढून ठेवतो.’ आपण पायरी उतरायच्या आत ती साडी कपाटात गेलेली असते. इतका सभ्य खोटेपणा लग्न ठरवतानाही होत नाही.

अमेरिकेत या मधल्या विक्रेत्यावर उपाय निघाला तो १९१६ मध्ये. मेम्फिसला क्लॅरेन्स सॉन्डर्स नावाच्या माणसाने ‘पिग्ली विग्ली’ हे किराणा दुकान काढलं. गिऱ्हाइकाने स्वतः टोपली घेऊन फिरावं, हवं ते उचलावं, जाताना पैसे द्यावेत. त्याआधी तिथेही आपल्या वाण्यासारखाच कारभार होता, यादी द्यायची आणि पुडे घ्यायचे. मध्ये उभा असलेला माणूस असा काढून टाकला. मग त्याच देशात वॉलमार्टच्या सॅम वॉल्टन यांनी तो परत आणला: गिऱ्हाईक दहा फुटांच्या आत आलं की नोकराने नजर भिडवून विचारपूस करायची. जर्मनीत दुकानातलं हे हसतमुख स्वागत लोकांना रुचलं नाही. २००६ मध्ये कंपनीने तिथून गाशा गुंडाळला, अर्थात कारणं इतरही होती. तुळशीबागेत दहा फुटांचा नियम लावला तर एकेका पोराच्या वाट्याला तीन दुकानं आणि एक अख्खं भिशी मंडळ येईल.

दक्षिण कोरियातल्या इनिसफ्री या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने २०१६ मध्ये दुकानात दोन रंगांच्या टोपल्या ठेवल्या. एक ‘मदत हवी’वाली, दुसरी ‘माझं मी बघते’वाली. ही योजना महाराष्ट्रात तातडीने आणावी असं माझं स्पष्ट मत आहे, फक्त दोन रंग पुरायचे नाहीत. पावसाचा जोर ओसरेपर्यंत एसीत उभं राहायला आलेल्यांना एक रंग लागेल. नणंदेने घेतलेल्या ड्रेसची खरी किंमत काढायला आलेल्यांना एक. इथे मापाचा बूट घालून बघणार आणि घरी जाऊन ऑनलाइन मागवणार, त्यांना एक. दोनदा विचारलं जावं, म्हणजे दोनदा नाही म्हणता येईल, एवढ्याच अपेक्षेने आलेल्या ज्येष्ठ नागरिकांना एक. आणि ‘माझं मी बघते’ टोपली उचलून पाचव्या मिनिटाला ‘अहो, इथे कुणी आहे की नाही?’ विचारणाऱ्यांसाठी टोपलीलाच आपोआप रंग बदलता यायला हवा.

तिकडे विक्रेता मागे उभाच आहे. कॅमेरा आपल्यावर असतो तसा त्याच्यावरही असतो. गिऱ्हाईक एकटं फिरताना दिसलं की मॅनेजर विचारतो, ‘अटेंड कोण करतंय?’ पोरगी खांबाला टेकली तर, ‘काम नाही का?’ कोझिकोडच्या कापडदुकानांतल्या बायका नुसतं बसता यावं म्हणून वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा २०१८ मध्ये केरळने कायदा बदलला; तमिळनाडूने २०२१ मध्ये. दुकानात स्टूल ठेवा, हे सांगायला सरकार लागलं. गिऱ्हाईक आल्यावर अदबीने उठून उभं राहायचं, तर माणूस आधी बसलेला असावा लागतो, हे मालकांना सुचलं नव्हतं.

आपल्याकडेही दर काउंटरमागे एक खुर्ची असावी, असं मी सुचवणार होतो. पण तिच्यावर पहिल्या दिवशी कोण बसेल ते मला माहीत आहे. खरेदीला आलेल्या बाईंचा नवरा. मांडीवर दोन पिशव्या घेऊन बसेल आणि शेजारी उभ्या असलेल्या मुलीला म्हणेल, ‘ताई, जरा एसी वाढवता का?’