टोपणासाठी

अमेरिकेत मिनेसोटा राज्यात, मिसिसिपीच्या काठी रेड विंग नावाचं गाव आहे. तिथे घडवलेल्या जुन्या स्टोनवेअरचे, म्हणजे टणक भाजलेल्या मातीच्या भांड्यांचे शौकीन जुलैत तिथेच जमतात. त्या गर्दीत वॉटर कूलरवाला लांबूनही ओळखू येतो. बाकीचे भांड्यांची नक्षी बघतात; हा बुडाशी ओणवा होऊन तोटीचं भोक तपासत असतो.

कूलर म्हणजे पांढऱ्या झिलईचा, खाली तोटी बसवलेला भलामोठा रांजण. पोटावर लाल पंख आणि गॅलनचा आकडा. आपल्या माठासारखा तो पाझरत नाही, त्यामुळे पाणी गार करणं त्याला स्वतःला जमत नाही. फ्रिज येण्याआधी लोक त्यात बर्फ घालत. तरीही अंगावर ‘वॉटर कूलर’ असं ठळक छापलेलं. असल्या नामधारी साहेबावर आमचे गृहस्थ जीव टाकतात.

आधी बोटाच्या पेराने टकटक. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर कुठेतरी केसाएवढी चीर आहे. मग अतिनील टॉर्च, कारण लपवलेली डागडुजी त्या उजेडात वेगळी चमकते. कंपनीच्या शिक्क्यात ‘युनियन’ दिसलं, की “१९०६ ते १९३६!” असा त्याचा काळ जाहीर करायचा. कुणी विचारलेलं नसतं.

पण खरं दुखणं टोपणाचं. रांजण टिकतो, टोपण फुटतं. पाचाच्या कूलरला सहाचं टोपण बसत नाही. मग नालासाठी घोडा विकत घ्यावा लागतो.

“अजून एक?” बायको दारातच विचारते.

“छे गं, टोपण आणलंय.”

“आणि त्याच्याखाली काय आहे?”

“ते बरोबर आलं.”

बरोबर आलेल्याला चीर असते, पण तोटी अस्सल असते. तीही काढून पहिल्याला बसवली, की दुसरा बिनटोपणाचा आणि बिनतोटीचा उरतो. तो असा उघडाबोडका बघवत नाही, म्हणून त्याच्यासाठी तिसरा. तळघरात आता वॉशिंग मशीनला अंग चोरून उभं राहावं लागतं.

यंदा मात्र स्वारी चक्क नुसतं टोपण काखेत मारून घरी आली. दहा गॅलनचं, एकही टवका नसलेलं. मागे गाडीत काही नाही, याची बायकोने स्वतः जाऊन खात्री केली. तिला भरून आलं.

“शहाणे झालात हो! कुठल्या कूलरचं हे?”

“दहाचा आपल्याकडे कुठे आहे? तोच आता शोधायचा.”