लसणाला आहो म्हणतात

स्पॅनिश भाषेत लसणाला 'आहो' म्हणतात. हा शब्द पाठ करायचा म्हणून मी ओट्यापाशी उभी राहून आठ-दहा वेळा मोठ्यानं "आहो, आहो" म्हटलं. बाहेर पेपर वाचत बसलेल्या आमच्या ह्यांनी चार वेळा "ओ" दिली आणि पाचव्यांदा चष्मा हातात घेऊन ते आतच आले. "काय झालं?" म्हटलं, "काही नाही, लसूण." लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण एका सकाळी इतक्या हाका मी त्यांना कधी मारल्या नव्हत्या. मेथी निवडत बसलेल्या सासूबाई एवढंच म्हणाल्या, "आज लईच माया आलीय."

हे खूळ शिरायला कारण झालं लेकीचं. ती नोकरीसाठी मेक्सिकोत ग्वादालाहाराला आहे. तिथं तिला ताप आला तेव्हा घरमालकिणीनं आठ दिवस तिला गरम गरम सूप पाजलं. बाई माझ्याच वयाच्या, इंग्रजीचा गंध नाही. व्हिडिओवर आम्ही दोघी समोरासमोर आलो की नुसत्या हसायचो. हसून हसून गाल दुखायला लागले, तेव्हा म्हटलं, चार शब्द शिकावेत. आणि आम्हा दोघींना बोलायला स्वयंपाकघराशिवाय दुसरा विषय कुठला? सूपला 'सोपा' म्हणतात हे पहिल्याच दिवशी कळलं आणि भाषाही तशीच असेल असं वाटलं.

मग बरण्यांना चिठ्ठ्या लावल्या. आमचं गाव अंबाजोगाई. इथं दासोपंतांनी कापडाच्या पासोडीवर 'पंचीकरण' लिहिलं. त्या मानानं बरण्यांवर वहीच्या कागदाचे चिटोरे म्हणजे काहीच नाही. कांद्याच्या टोपलीवर 'सेबोया', पातेल्यावर 'ओया'. मिठाला 'साल'. पुतण्या आला, बरणी पाहून म्हणाला, "काकू, साल लिहिलंय, पण कोणतं?" पावाला 'पान' म्हणतात. इकडे पानाला चुना लागतो, तिकडे मक्याला. मेक्सिकोत मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, सालपटं काढून वाटतात आणि त्याची तोर्तिया थापतात. घरमालकिणीकडे दगडी पाटा आहे, तीन पायांचा. त्याला 'मेताते' म्हणतात, आणि वरवंट्याला 'मानो', म्हणजे हात. वरवंट्याला हात म्हणणारी भाषा मला तिथंच आवडली. आमचा पाटा मात्र मिक्सर आल्यापासून अंगणात तुळशीपाशी पडून आहे. तिचा मेताते पाहून सासूबाईंनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की त्याला दोन्ही भाषांत शब्द नसावा.

लिंगांचा त्रास होईल असं लेक म्हणाली होती. स्पॅनिशमध्ये प्रत्येक वस्तू बाई नाही तर पुरुष. मी म्हटलं, बस्स, दोनच? आमच्याकडे तवा तो, कढई ती आणि पातेलं ते; एका चुलीवर तिघं नांदतात. उलट घरमालकीण मराठी शिकायला बसली तर आधी तिचीच कीव येईल.

तिखटाचं तर मला फार बरं वाटलं. इंग्रजीत भाजी तिखट असली तरी 'हॉट' आणि नुसती कढत असली तरी 'हॉट', त्यामुळे खाणाऱ्याला घास तोंडात जाईपर्यंत पत्ता लागत नाही. स्पॅनिशमध्ये आपल्यासारखेच दोन वेगळे शब्द आहेत: तिखट ते 'पिकांते', कढत ते 'कालिएंते'. ज्यांच्या मुलखातून जगाला मिरची मिळाली त्यांना एवढा फरक कळायलाच हवा. आपल्याकडे ती पोर्तुगीजांबरोबर आली. त्याआधी बीडकडचा माणूस ठेच्याशिवाय भाकरी कशी खात असेल, हे कोडं मला अजून सुटलेलं नाही. सीताफळाचंही तेच. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, बालाघाटाच्या डोंगरातलं म्हणून आम्ही ते पाहुण्यांना मिरवून देतो; मूळ फळ मात्र अमेरिका खंडातलं. आपण त्याला थेट सीतामाईचं नाव देऊन घरात घेतलं.

पण ज्या शब्दावर मी दोन दिवस अडकून राहिले तो शेंगदाण्याचा. मेक्सिकोत शेंगदाण्याला 'काकाउआते' म्हणतात. तिथल्या जुन्या नाहुआत्ल भाषेतल्या शब्दावरून तो आला. कोकोच्या बीला 'काकाउआत्ल', आणि जमिनीखाली पिकणाऱ्या ह्या दाण्याला 'त्लालकाकाउआत्ल', म्हणजे भुईतला कोको. हे वाचलं आणि हातातला कूट तसाच राहिला. आपण काय केलं? जमिनीखाली मुगासारखं काही सापडलं, त्याला भुईमूग म्हटलं. तिकडच्या माणसानं भुई उकरली, इकडच्या माणसानं भुई उकरली, आणि दोघांनी आपापल्या ओळखीच्या दाण्याचं नाव पुढे केलं. एकमेकांना न विचारता! हे मी ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "छान. चटणीत मीठ कमी आहे." (साल कमी आहे, असं म्हणायला हवं होतं.)

साखरेला 'आसूकार'. आपली शर्करा फारसीत शकर झाली, अरबीत सुक्कर झाली आणि अरबांबरोबर स्पेनला पोचली. पुढे १४९३ साली कोलंबसानं दुसऱ्या सफरीत उसाची बेणी कॅरिबियन बेटांवर नेली. हे मी भांडी घासायला येणाऱ्या मावशींना सांगत होते, कारण चिठ्ठी काय म्हणते असं त्यांनीच विचारलं होतं. मावशी आणि त्यांचे मालक दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला कोल्हापूरकडे ऊसतोडीला जातात. नवराबायको मिळून एक कोयता. माणसं दोन, मोजणी एक; हे गणित बीडच्या बाहेर समजावून सांगावं लागतं. क्युबात उसाच्या हंगामाला 'साफ्रा' म्हणतात आणि तोडणाऱ्याच्या हातात 'माचेते' असतो, हेही मी सांगितलं. मावशींनी पातेलं विसळून पालथं घातलं. "म्हंजी तिथं बी कोयताच की," म्हणाल्या. "उचल बी देत्यात का?" ह्याचा शब्द माझ्या वहीत नव्हता.

चुकाही झाल्या. लाटण्याला 'रोदियो' आणि गुडघ्याला 'रोदिया'. प्रकृती कशी आहे असं घरमालकिणीनं विचारलं, तेव्हा मी मोठ्या आत्मविश्वासानं माझं लाटणं फार दुखतं म्हणून सांगितलं. ती गंभीर झाली. मग लेकीनं मागून काहीतरी सांगितलं आणि ती बाई खुर्चीवरून पडायचीच बाकी राहिली.

काल संध्याकाळी साडेसातला फोन लावला. त्यांचं आपल्याहून साडेअकरा तास मागं, म्हणजे तिथं सकाळचे आठ. मी येसराची आमटी करत होते. फोन डब्याला टेकवून ठेवला, तेल तापलं, मोहरी टाकली. तडतड ऐकून बाईंनी विचारलं, हे काय? आता फोडणीला काय म्हणावं? एका हातात पळी धरून मी वही चाळायला लागले. 'सोफ्रितो' आहे, पण तो कांदा-टोमॅटो निवांत परतायचा प्रकार. त्यात हे चर्र कुठलं? शेवटी मी म्हटलं, "फोडणी." "फोदनी," त्या म्हणाल्या. "फोड-णी." "फोर-नी." ड आणि ण मध्ये आम्ही दोघी चांगल्याच रुतलो.

"आगं, करपायलंय की!" सासूबाई ओरडल्या.

बाहेरून ह्यांनी विचारलं, "काय करपलं?"

"आहो," मी म्हटलं.

"ओ. काय करपलं?"

"आहो करपला!"

मग ते काही बोललेच नाहीत.