मागच्यासाठी

खानदेशात सायकल चालवायची तर आधी सूर्याशी बोलणी करावी लागतात. पहाटे जळगाव सोडलं, तर पाळधी, एरंडोल मागे टाकून पारोळ्याच्या चहापर्यंत तो सबुरीने घेतो. पुढे मुकटी, फागणे, धुळे हा मामला तुमचा आणि त्याचा. नव्वदेक किलोमीटरच्या या रस्त्याला जुनी माणसं अजून सहा नंबरचा हायवे म्हणतात, सरकारदरबारी तो ५३ झाला आहे. सुरतेहून कोलकात्याकडे धावणाऱ्या त्या अजस्र रहदारीच्या कडेने आमची टोळी एकामागे एक चालते, लग्नात आहेराचं पाकीट घेऊन रांगेत उभी असलेली मंडळी असावीत तशी: शिस्तीत आणि जराशी ओशाळलेली.

या रांगेचा सगळा कारभार हातांवर. पुढच्याने बोट खाली रोखलं की खड्डा. तळवा मागे दाखवला की हळू. कमरेमागे नेलेला हात उजवीकडे झुलला, की समोर कुणीतरी ट्रॅक्टर रस्त्यातच लावून शेतात गेलं आहे. निरोप हातोहात शेवटपर्यंत पोचतो, आणि ज्याला खड्डा दिसलेलाच नाही तोही मागच्याला तो मनापासून दाखवतो. एवढी काळजी आपण घरात घेत नाही. खरं तर लायसन्सच्या परीक्षेला हाताचे इशारे सगळ्यांनीच पाठ केलेले असतात. मग मोटार येते, हात काचेआड जातो आणि पुन्हा बाहेर येतो तो शेंगांची टरफलं टाकायला.

रस्ता मोकळा दिसला की जोडीने चालायचा मोह होतो. विषय सासुरवाडीचा असेल तर फारच. तेवढ्यात शेवटचा ओरडतो, ‘गाडी!’ आणि जावईबापू अर्ध्या वाक्यावर रांगेत जातात. दिवाळीच्या सुमारास मागून येते ती बहुधा कापसाची ट्रॉली, दोन्ही अंगांनी फुगलेली, स्वतःच्या चाकांपेक्षा कितीतरी रुंद. तिला वाट द्यावी, आणि ती गेल्यावर बाभळीच्या काट्यांना लटकलेले पुंजके बघत राहावं.

ट्रकमागे ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला २०१५ साली राज्यात बंदी झाली. अक्षरं पुसली, हॉर्न राहिला. पण ऐकत गेलं की त्यातही घराणी कळतात. पोटात गोळा आणणारा एक. आणि लांबूनच, हलकेच, ‘मी आलोय हं’ असं सांगणारा दुसरा. या दुसऱ्या घराण्याचे चालक बाजूने जाताना काच खाली करून हमखास विचारतात, ‘पेट्रोल संपनं का भाऊ?’

पारोळ्याच्या टपरीवर असेच एक काका भेटले. रात्रभर गाडी हाकून डोळे तांबारलेले. माझी सायकल त्यांनी चहूबाजूंनी पाहिली, किंमत ऐकून घेतली, त्यावर सभ्यपणे काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘मागे रेडियम लाव. झुंजुमुंजूला तुम्ही पोरं दिसतच नाही.’ केबिनमधून लाल पट्टी काढून ते चिकटवायला जागा शोधू लागले. या महागड्या सायकलीला मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, धड सीटही नाही. काका दोनदा तिच्याभोवती फिरले. शेवटी माझ्या डोक्यावरचं हेल्मेट त्यांनी स्वतःच्या हाताने वळवलं, पट्टी लावली, अंगठ्याने घट्ट दाबली आणि चहाचे पैसे देताना टपरीवाल्याला म्हणाले, ‘याचाही घे. एवढ्या पैशात याला मडगार्डसुद्धा दिलं नाही.’