अंगणात सांता पालथा!

ऐकलंत का? एडिसनमध्ये आमच्या गल्लीत यंदा आकाशकंदील उतरलेच नाहीत. तुळशीचं लग्न लागून गेलं, थँक्सगिव्हिंगची टर्की संपली, तरी गॅरेजवरच्या माळा आपल्या लुकलुकतायत. विचारलं की उत्तर तयार: "आता ख्रिसमस आलाच, पुन्हा शिडीवर कोण चढणार?" घ्या! आळसालाही सर्वधर्मसमभाव म्हणायचं.

माळांवर भागलं असतं तर मी तोंड उघडलं नसतं हो. पण कोपऱ्यावरच्या घरात बारा फुटी सांगाडा उभा आहे. हे प्रकरण अमेरिकेत २०२० साली बाजारात आलं आणि लोक वेड्यासारखे तुटून पडले. आता एवढं धूड हॅलोविननंतर ठेवायचं कुठे? तळघराच्या जिन्यात मावत नाही. मग दिवाळीत त्याच्या पायाशी पणत्या मांडल्या आणि डिसेंबरात डोक्यावर लाल टोपी चढवली. त्यांच्या सासूबाई नाशिकहून आल्यात, त्यांनी पहिल्याच दिवशी कानाला हात लावला. तरी २०२४ साली त्या इथे नव्हत्या, हे बरं. त्या वर्षी नरकचतुर्दशी आणि हॅलोविन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. पहाटे उटणं, रात्री भुतं!

समोरच्यांचा सांता फुगवायचा. रात्रभर आत पंखा घुरघुरतो आणि सांता डुलतो. सकाळी पंखा बंद केला, की तो हिरवळीवर पालथा. शाळेच्या बसची वाट बघणारी पोरं रोज विचारतात, "याला काय झालं?" काय सांगायचं? आणि या थाटाची वीज? जुन्या पद्धतीचा जाडा बल्ब सात वॅटचा. शंभरांची माळ म्हणजे सातशे वॅट. तिसरी माळ जोडली, की पंधरा अँपिअरचा ब्रेकर मान टाकतो. आता एलईडीवर हेच काम दहाव्या हिश्शात होतं. मग बचत झाली म्हणता? छे! लोकांनी माळा दहापट केल्या. नासाच्या उपग्रहाने २०१४ मध्ये सांगितलंच होतं, की थँक्सगिव्हिंगपासून नववर्षापर्यंत अमेरिकेतली उपनगरं रात्री ३० ते ५० टक्के जास्त उजळतात. आमची भानगड थेट अवकाशात पोचली म्हणायची.

त्यातून आम्ही राहतो कुठे, तर ज्याने हे सुरू केलं त्याच्याच गावात. आमच्या एडिसनमधल्या मेन्लो पार्कला थॉमस एडिसनने १८७९ च्या ३१ डिसेंबरला ऐन थंडीत प्रयोगशाळा आणि बाहेरचा रस्ता दिव्यांनी उजळून दाखवला. बघ्यांसाठी खास गाड्या सोडाव्या लागल्या. तीन वर्षांनी त्याचाच सहकारी एडवर्ड जॉन्सन याने न्यूयॉर्कच्या घरात ख्रिसमसच्या झाडाला ८० लाल, पांढरे, निळे दिवे लावले आणि वर ते झाड गोल फिरवलं! पहिल्याच झाडाने एवढा नखरा केल्यावर आमच्या समोरच्यांना काय बोलणार?

यंदाची खरी खमंग बातमी पुढेच आहे. आता 'घरी केलेलं' हवं! विकतच्या माळा लावणं म्हणजे गावंढळपणा ठरलाय. टोमॅटोच्या रोपांना आधार द्यायचे तारेचे पिंजरे उलटे ठेवून, टोकं वर बांधून, भोवती माळ गुंडाळली की झालं ख्रिसमसचं झाड. ही युक्ती, मान्य करते, झकास आहे. उन्हाळाभर टोमॅटो, हिवाळाभर झाड. पण संत्र्याच्या चकत्या? मंद ओव्हनमध्ये तीन-चार तास वाळवून फांद्यांना टांगायच्या. एकीने हौसेने पॉपकॉर्न आणि क्रॅनबेरीच्या माळाही ओवल्या. दुसऱ्या सकाळी खारींनी दोरा तेवढा ठेवला होता. वर एक वायरही कुरतडली. म्हणे निसर्गाशी नातं!

या सगळ्यांना गप्प केलं ते मागच्या गल्लीतल्या काकूंनी. मूळच्या साताऱ्याच्या, वय सत्तरीच्या पुढे. त्यांनी प्लास्टिकच्या बादलीत पाणी भरलं, मधोमध दगड घालून जड केलेला डबा ठेवला आणि कडाक्याच्या रात्री बादली ओट्यावर सोडली. सकाळी डब्यात कोमट पाणी ओतून तो सोडवला, बादली उलटी केली, आणि निघाला बर्फाचा कंदील! त्याच्या भिंतीत अडकवलेली तेरड्याची सुकी फुलं आत पणती ठेवल्यावर दिसतात. फिनलंड-स्वीडनकडे असे कंदील सर्रास करतात, हे त्यांना नातवाने सांगितलं. खर्च शून्य. विजेचं बिल नाही, शिडी नाही, खारींना खायलाही काही नाही. ऊन पडलं की वितळतो, म्हणजे उतरवायचाही त्रास नाही. माझ्या मते यंदाचं पहिलं बक्षीस त्यांचंच, आणि ते सांगाड्यासमोर उभं राहून जाहीर करायला मी तयार आहे.

बाकीच्यांना हात जोडून सांगते: लावा, हौसेने लावा. फक्त दहा-पंधरा डॉलरचा टायमर बसवा आणि रात्री अकराला सगळं बंद होऊ द्या, कारण तुमचं रेनडिअर माझ्या भिंतीवर रात्रभर पळतं. आणि संक्रांतीचा तिळगूळ द्यायला याल, तेव्हा दारावरच्या माळा उतरवून या.