अंधार पडू द्या!

जालन्याहून नागपूरला निघालेल्या माणसाला हल्ली एकच रस्ता ठाऊक असतो. ११ डिसेंबर २०२२ला समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा खुला झाला, आणि दुसरबीड, बिबी, सुलतानपूर ही गावं पाट्यांवर वाचण्यापुरती उरली. पण आमच्या मामांकडे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. ज्या रस्त्यावर चहाची टपरी नाही तो रस्ता नव्हे, धावपट्टी, असं त्यांचं मत. त्यामुळे आम्ही जुन्या रस्त्याने.

मामा देवघर पुसायला एखादे दिवशी विसरतील, बॉनेटखाली फडकं मारायला विसरणार नाहीत. इंजिनावर जेवायला वाढावं इतकं ते स्वच्छ. निघण्यापूर्वी त्यांनी आत आणखी बरीच आवराआवर केली होती आणि ती शेजाऱ्यांना बोलावून दाखवलीही होती.

सुलतानपूर मागे पडलं आणि गाडी मिसिंग करायला लागली. चढ आला की गचके, मागून फट्‌ असा बार. बैलगाडीवाला मागे वळून बघायचा आणि मामा स्टिअरिंगवरचा गिअर खाली ओढून त्याच्याकडे बघायचं टाळायचे. मेहकरात शिरलो तेव्हा रस्त्याच्या कडेचं गॅरेज आम्ही शोधलं नाही, आवाज ऐकून मिस्त्रीच बाहेर आला.

पद्मिनी उभी राहिली की माणसं जमतात. "आमच्या बापाले होती," असं प्रत्येक तिसरा म्हणतो; मग निदान सुरू होतं. एक म्हणाला, पेट्रोलात पाणी. दुसरा म्हणाला, कार्बोरेटरमध्ये कचरा. पांढऱ्या टोपीवाल्या आजोबांनी गाडीची दृष्ट काढायला सांगितलं, आणि माझं मत विचाराल तर तोवर आलेल्या सल्ल्यांत सगळ्यात स्वस्त तोच होता.

मिस्त्रीने कोणाचंच ऐकलं नाही. इंजिन चालू ठेवून, हातात जाड रबरी पकड घेऊन, प्लगच्या वायरी एकेक करून उपसल्या. पहिली काढली, इंजिन लंगडलं. म्हणजे तो सिलिंडर कामाचा. दुसरीचंही तेच. तिसरी आणि चौथीच्या वेळी मात्र कधी फरक पडे, कधी नाही. प्लग काढून पाहिले तर तोंडं छान तांबूस-करडी, काजळी नाही. डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली, रोटर पुसला, पॉइंट घासले. पुन्हा फट्‌.

मग हात पुसत तो म्हणाला, "काकाजी, अंधार पडू द्या. मंग पाहू."

मामांनी घड्याळ पाहिलं. साडेतीन. "अहो, गाडी दुरुस्त करायची आहे, पिशाच्च उतरवायचं नाही."

"पिशाच्चच हाये. दिवसा दिसत नाई."

तीन तास घालवायचे म्हणून आम्ही शारंगधर बालाजीला गेलो. काळ्या पाषाणाची ही भव्य मूर्ती १८८८ साली इथे जमिनीतून निघाली. इंग्रज साहेब ती विलायतेला नेणार म्हणून गावकऱ्यांनी घाईघाईने प्रतिष्ठापना करून टाकली, असं सांगतात. एकदा देव बसला की साहेबाचाही इलाज चालत नाही. मामांनी हात जोडले, ओठ बराच वेळ हलत होते. त्यात 'कॉइल' हा शब्द मी स्पष्ट ऐकला. पुढे कंचनीच्या महालाच्या पडक्या भिंती पाहिल्या. ना. घ. देशपांडे या गावचे. वकिली करत कविता लिहिल्या, 'खूणगाठी'ला १९८६ साली साहित्य अकादमी मिळालं. त्यांची 'शीळ' जी. एन. जोशींनी गाऊन महाराष्ट्रभर पोचवली. मामांनी ती तिथेच गुणगुणायला घेतली, पण दोन ओळींनंतर त्यांचाही आवाज मिसिंग करू लागला.

दिवेलागणीला परतलो. मिस्त्रीने गॅरेजचा बल्ब बंद केला, बॉनेट उघडलं, इंजिन सुरू केलं. आणि दिसलं. तिसऱ्या-चौथ्या वायरीच्या मधे निळ्या ठिणग्या काजव्यांसारख्या लुकलुकत होत्या. जमलेली मंडळी एकदम गप्प.

"ह्या कोनं बांधल्या?" मिस्त्रीने विचारलं.

चारही वायरी सुतळीने एकत्र, घट्ट, अगदी वेणी घातल्यागत आवळलेल्या होत्या. मामांनी खाकरून घेतलं.

"काकाजी, कॉइल बाराचे पंधरा-वीस हजार व्होल्ट करते. वायरीचं रबर जुनं, वरून दोघी गळ्यात गळा घालून. तिसऱ्याचा करंट चौथ्याच्या घरी जाऊन रायला."

प्रकरण खरोखर तसंच होतं. या इंजिनाचा क्रम १-३-४-२. तिसरा पेटतो तेव्हा पुढची पाळी चौथ्याची. तो नुकताच पेट्रोल-हवा ओढून तयार असतो, दाब अजून चढलेला नसतो, आणि कमी दाबात ठिणगी सहज उडते. चुकार करंट पोचला की तो वेळेआधीच पेटतो. वायरी थोड्या लांब-लांब असत्या, तर जुन्या रबरावरही नागपूर गाठलं असतं.

मिस्त्रीने सुतळी कापली, दोन वायरी बदलल्या, सायकलच्या ट्यूबचे तुकडे मधे घालून चौघींना चार दिशांना पांगवलं. इंजिन सुरात आलं. पेट्रोलात पाणी सांगणारा म्हणाला, "मी म्हटलं नव्हतं, साधंच असंल?"

पैसे विचारले तर त्याने किरकोळ आकडा सांगितला आणि उरलेला सुतळीचा गुंडा डिकीतून काढून स्वतःकडे ठेवून घेतला.

डोणगावपर्यंत मामा काही बोलले नाहीत. गाडी झकास पळत होती. मग हळूच म्हणाले, "आत सगळं कसं अस्ताव्यस्त पडलं असेल रे!"