पण हरवलं ते कुणाला?

मिडलवेट मुष्टियोद्ध्याने जगज्जेता व्हावं, पण फार वर्षं राहू नये. अधूनमधून हरणाऱ्याचं मोठेपण लोक दिलदारपणे मान्य करतात. सतत जिंकणाऱ्याची मात्र चौकशी लागते.

गेन्नादी गोलोव्किनचंच बघा. कझाकस्तानातल्या कारागांडाचा, खाणकामगाराचा मुलगा. चेहरा असा की सहकारी बँकेत काउंटरपलीकडे बसला असता, तर आपण निर्धास्तपणे पासबुक पुढे केलं असतं. या सज्जन माणसाने लागोपाठ २३ लढती नॉकआउटने संपवल्या आणि २० वेळा जेतेपद राखून बर्नार्ड हॉपकिन्सच्या विक्रमाशी बरोबरी केली. यावर जाणकार मंडळी शांतपणे विचारतात, "ते ठीक आहे, पण हरवलं ते कुणाला?"

मिडलवेटची मर्यादा १६० पौंड, म्हणजे साडेबहात्तर किलो. खरी नामवंत मंडळी बहुधा खालच्या वजनगटांतून वर येतात. २०१६ मध्ये लंडनला केल ब्रूक असाच वर आला आणि पाचव्या फेरीत त्याच्या कोपऱ्यातून टॉवेल पडला. निकाल लागला, "लहान होता बिचारा." पुढच्या वर्षी तोलामोलाचा डॅनियल जेकब्ज पूर्ण बारा फेऱ्या टिकला. गोलोव्किन गुणांवर जिंकला, तर म्हणे, "उतरणीला लागला." पाडलं तर समोरचा कच्चा, नाही पाडलं तर हाच म्हातारा!

मार्व्हिन हॅगलरने तर याहून अधिक सोसलं. १९८० मध्ये वेम्ब्लीत ॲलन मिंटरला तिसऱ्या फेरीत गारद करून तो जगज्जेता झाला, तेव्हा लंडनकरांनी बिअरच्या बाटल्या फेकून त्याचं अभिनंदन केलं. आपल्याला 'मार्व्हलस' म्हणावं, अशी त्याची साधी इच्छा. निवेदक मनावर घेईनात, म्हणून १९८२ मध्ये त्याने कायदेशीर नावच बदलून घेतलं. थोरवी कागदोपत्री करून घेणारा दुसरा विजेता मला ठाऊक नाही. पुढे डुरान आणि हर्न्स या दोघांना त्याने हरवलं. दोघेही अर्थातच खालच्या वजनातले! पण १९८५ ची हर्न्सबरोबरची जेमतेम आठ मिनिटांची लढत ज्याने पाहिली आहे, त्याला वजनकाटा आठवण्याची शुद्ध राहत नाही. पहिली फेरी तर मी जेवताना बघत नाही.

आणि परीक्षक! १९८७ मध्ये हॅगलर आणि शुगर रे लेनर्ड इतक्या अटीतटीने लढले की लोक अजून भांडतात. एका परीक्षकाने मात्र लेनर्डला ११८-११० असं बहाल केलं. तीस वर्षांनी, त्याच लास व्हेगासमध्ये, गोलोव्किनसमोर कॅनेलो अल्वारेझला एका परीक्षकाने दिलेले गुण? ११८-११०. बाकीच्या दोघांमुळे लढत निदान बरोबरीत तरी सुटली.

मला विचाराल तर विजेत्याशी कोण लढलं, यापेक्षा कोण लढायला आलं नाही, ते बघावं. २०१६ मध्ये गोलोव्किनशी गाठ पडायची वेळ आली, तेव्हा कॅनेलोने आपला पट्टाच सोडून दिला होता. माझ्या लेखी हे प्रशस्तिपत्रक वीस बचावांच्या तोडीचं आहे.

२०२२ मध्ये दोघांची तिसरी गाठ पडली, तीही १६८ पौंडांवर. कॅनेलो जिंकला. मंडळींनी लगेच हिशेब मांडला: चाळिशीच्या माणसाला हरवलं, त्यात काय मोठंसं!