आधी हात जोडा

नव्या फ्लॅटच्या किल्ल्या मिळाल्या, दूध-पेपर लावून झालं आणि सेक्रेटरींनी तुमचा नंबर सोसायटीच्या ग्रुपवर घातला. अभिनंदन! ताबा खरा आत्ता मिळाला. 'फक्त सोसायटीच्या कामाचेच मेसेज टाकावेत' असा नियम ग्रुपच्या माथ्यावर लिहिलेला दिसेल. तो मनावर घेऊ नये. ज्यांनी लिहिला, त्यांचंच पहिलं गुलाबाचं फूल सकाळी सहाला येतं.

१९९५ साली, इंटरनेट अजून नवलाईचं होतं तेव्हा, आरएफसी १८५५ नावाची ऑनलाइन शिष्टाचाराची एक नियमावली निघाली. इंटेल कंपनीतल्या सॅली हॅम्ब्रिज यांनी लिहिलेली. नवख्यांना तिच्यात सल्ला आहे की, चर्चागटात शिरल्यावर महिना-दोन महिने नुसतं वाचा, तिथली रीत समजून घ्या, मग तोंड उघडा. बाईंनी आमची सोसायटी पाहिलेली नसावी. इथे दोन महिने गप्प राहिलात, तर 'पाचशे दोनवाले जरा शिष्टच आहेत' हा ठराव न मांडताच मंजूर होतो. आणि लगेच बोललात, तर 'कालचे आले नि आज शिकवायला लागले!'

म्हणून आधी हात जोडावेत. जोडलेल्या हातांची ती इमोजी श्रद्धांजलीला चालते, टँकर आल्याच्या आनंदाला चालते आणि 'पुरे करा आता' हे सांगायलाही तीच. शब्द मात्र जपून. ए विंगमधल्या आजोबांच्या निधनाची बातमी आणि बी विंगमधल्या बाळाच्या जन्माची बातमी एकाच सकाळी आली होती. आजोबांना मिळालेल्या 'अभिनंदन! पेढे कधी?' या मेसेजविषयी आमच्याकडे अजून कोणी बोलत नाही.

'आज पाणी किती वाजता येईल?' असं नवशिके सरळ विचारून मोकळे होतात. त्याचं उत्तर येत नाही, इतिहास येतो. बिल्डरने टाकी कशी लहान बांधली, मागच्या कमिटीने मोटर कुणाच्या मेव्हण्याकडून घेतली, मेंटेनन्स कुणाकुणाचा थकलाय आणि त्यांतल्या कुणाच्या दारात दोन-दोन गाड्या आहेत. दुपारपर्यंत कुणीतरी 'कृपया वैयक्तिक पातळीवर उतरू नये' असं अगदी वैयक्तिक पातळीवर उतरून सांगतं. मग चेअरमन 'विषय वार्षिक सभेत घेऊ' असं लिहून झोपायला जातात. वार्षिक सभेला कोरम कधी भरत नाही. ग्रुपवर तो रात्री साडेअकरालाही भरलेला असतो.

ॲडमिनशी वाद घालू नये. सभासदाने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणाला जबाबदार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. माणसं आत घेणं आणि बाहेर काढणं, एवढाच त्याचा मर्यादित अधिकार. आमच्या ॲडमिनना निकालाचा पहिला भाग तोंडपाठ आहे. 'मर्यादित' हा शब्द त्यांना अजून कुणी दाखवलेला नाही.

फॉरवर्डच्या बाबतीत तर आमची सोसायटी फार पुढे गेली आहे. मेसेजखाली 'जसा आला तसा पाठवला' लिहिलं की जबाबदारी दुसऱ्याची, हा सर्वमान्य संकेत. त्यावर कुणी 'हे खरं आहे का?' विचारलं, तर तो उद्धटपणा; पाठवणारे काका वयाने मोठे असतात. १ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या पाच जणांना जमावाने मारून टाकलं. त्या दिवसांत मोबाइलवर फिरत असलेले टोळीचे मेसेजही लोकांनी जसे आले तसेच पुढे पाठवले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात फॉरवर्डवर एका वेळी पाचाची मर्यादा घातली. काकांनी तोडगा काढला: पाच-पाचच्या तुकड्या. ग्रुपवर शिकण्यासारखी एकच रीत असेल, तर ती 'हे खरं आहे का?' विचारण्याची. नेमकी तीच शिकवायला कुणी तयार नाही.

वैताग आलाच, तर ग्रुप म्यूट करावा. २०२० पासून तो कायमचा गप्प करता येतो. त्याआधी फार तर वर्षभर. सोडून जायचा विचार मात्र करू नये. निघून गेल्याची वर्दी २०२२ पासून फक्त ॲडमिनला जाते हे खरं, पण ॲडमिनला कळणं आणि तिन्ही विंगना कळणं यांत आमच्याकडे एका जिन्याचंच अंतर आहे.

तेव्हा राहा, हात जोडत राहा. आणि पाणी कधी येणार हे खरंच हवं असेल, तर खाली जाऊन वॉचमनला विचारा. त्याला ग्रुपवर घेतलेलं नाही, त्यामुळे त्याला ते माहीत असतं.